हॅम बाहेरून जळतं आणि आतून थंड राहतं, ते का?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमचं इथलं अमेरिकेतलं युनिव्हर्सिटीचं गाव एकदम रिकामं होतं. मागे उरतो आम्ही, तिकीट न परवडणारे किंवा प्रयोग अर्धवट अडकलेले. त्या वर्षी आम्ही अकरा जणांनी ख्रिसमसचं जेवण एकत्र करायचं ठरवलं. कामं वाटताना कुणीतरी म्हणालं, "तू मांसावरच पीएचडी करतेस ना? मग हॅम तुझ्याकडे."

आमच्या घरी डुकराचं मांस कधी शिजलं नव्हतं, पण हे सांगायला लाज वाटली. मी आठ पौंडांचं, म्हणजे साधारण साडेतीन किलोचं हॅम आणलं, त्यावर ब्राउन शुगर आणि मोहरीचं ग्लेझ थापलं आणि २२० अंशांच्या ओव्हनमध्ये सरकवून दिलं. तासाभरात धुराचा अलार्म वाजला. बाहेरून कोळसा झाला होता आणि मधोमध सुरी घातली तर पातं फ्रिजमधून काढल्यासारखं थंड. अकरा जणांनी भात आणि राजमा खाल्ला.

दुसऱ्या वर्षी मी सावध होते. मंद आचेवर ठेवलं, पण कापून बघितलं तर आत गुलाबी. "कच्चं आहे" म्हणून परत आत ढकललं. परत गुलाबी. परत आत. शेवटी जे ताटात आलं ते चावताना सुंभ चावल्यासारखं लागत होतं, आणि तरीही गुलाबीच होतं!

मी स्नायूंमधली प्रथिनं तापल्यावर पाणी का सोडतात यावर काम करते. म्हणजे या दोन्ही फजित्यांची उत्तरं माझ्याच विषयात होती. ती आज सांगते. डुकराचं मांस न खाणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. उष्णतेचे नियम सगळ्यांच्या स्वयंपाकघरात सारखेच.

आधी हे हॅम म्हणजे काय?

हॅम म्हणजे डुकराची मागची मांडी, मिठात मुरवलेली. युरोपात थंडी सुरू झाली की डुकरं कापायची, ताजं मांस लगेच खायचं आणि मांड्या मिठात घालून पुढच्या महिन्यांसाठी ठेवायच्या, अशी रीत होती. म्हणून हॅम ख्रिसमस आणि ईस्टर या दोन्ही सणांच्या ताटात आलं. स्वीडनमध्ये त्यावर मोहरी आणि पावाचा चुरा लावतात, अमेरिकेत गोड ग्लेझ.

तत्त्व आपल्या कैरीच्या लोणच्याचं किंवा खारवलेल्या मासळीचं. मीठ पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढता येत नाही. पण आज अमेरिकन दुकानात मिळणारं बहुतेक हॅम कोरडं मीठ चोळून महिनोन्महिने टांगलेलं नसतं. त्यात सुयांनी मिठाचं पाणी टोचतात, धुरी देतात आणि कारखान्यातच शिजवतात. वेष्टनावर 'पूर्ण शिजवलेलं' असं लिहिलेलं असतं. मी ते वाचलंच नव्हतं! असं हॅम थंडच खाल्लं तरी चालतं. म्हणजे आपण ओव्हनमध्ये ते शिजवत नसतो, फक्त गरम करत असतो. 'खाण्यापूर्वी शिजवा' असं लिहिलेलं हॅम मात्र वेगळं, ते खरंच शिजवावं लागतं.

वेष्टनावर आणखी एक गोष्ट बघा. इथल्या कृषी खात्याच्या नियमानुसार नुसतं 'हॅम' म्हणायचं तर त्यात चरबी सोडून उरलेल्या भागात किमान २०.५ टक्के प्रथिनं हवीत. 'पाणी घातलेलं हॅम' असेल तर १७ टक्के चालतात. स्वस्त हॅम ट्रेमध्ये इतकं पाणी का सोडतं, ते यावरून कळतं.

गुलाबी रंग फसवतो

ताज्या मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनामुळे असतो. त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. मांस तापलं की या लोहाची रासायनिक अवस्था बदलते आणि रंग तपकिरी-करडा होतो. म्हणून साध्या मांसात "गुलाबी म्हणजे कच्चं" हा अंदाज बऱ्यापैकी चालतो.

हॅममध्ये मिठाबरोबर थोडं सोडियम नायट्राइट घातलेलं असतं. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो आणि तो त्या लोहाला चिकटून बसतो. मग तापवल्यावर करड्याऐवजी पक्का गुलाबी रंग येतो. हे कोडं जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०१ साली खारवलेल्या मांसाच्या लाल रंगावरच्या निबंधात उलगडलं. (पुढे भारतात स्थायिक झालेले आणि भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच चिरंजीव.)

थोडक्यात, माझं दुसऱ्या वर्षीचं हॅम रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं असतं तरी आतून गुलाबीच राहिलं असतं. रंग बघून काही कळत नाही. थर्मामीटर लागतो.

उष्णतेची सावकाश चाल

आता पहिल्या वर्षीचा कोळसा. मांसात बहुतांश पाणी असतं, आणि त्यातून उष्णता फार हळू सरकते. हे मोजायला 'औष्णिक विसरणशीलता' असं एक जडजंबाल माप आहे. मांसासाठी ते सेकंदाला साधारण ०.१३ चौरस मिलिमीटर असतं, ॲल्युमिनियमसाठी शंभरच्या जवळपास. एककातला 'चौरस' महत्त्वाचा. उष्णतेला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटर आत शिरायला ढोबळमानाने १३ मिनिटं धरली, तर दोन सेंटिमीटरला दुप्पट नाही, चौपट, म्हणजे ५२ मिनिटं. चार सेंटिमीटरला साडेतीन तास. प्रत्यक्षात हॅम सगळीकडून तापतं, त्यामुळे वेळ याहून कमी लागतो, पण प्रमाण तेच राहतं.

यात ओव्हनची आच वाढवून फारसं साधत नाही. आच वाढवली की बाहेरचा थर आणखी तापतो, आतली चाल मात्र तशीच संथ राहते. एका तासात २२० अंशांनी बाहेरचे दोन बोटं मांस सुकवलं आणि मध्यापर्यंत निरोपही पोचला नव्हता.

बाहेरचं मांस सुकतं का, हा तर माझा रोजचाच प्रश्न. स्नायूतल्या धाग्यांमध्ये पाणी अडकून असतं. मिठामुळे हे धागे फुगतात आणि जास्त पाणी धरतात. ब्रिटनमधल्या ऑफर आणि ट्रिनिक या दोघांनी १९८३ साली हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आणि आम्ही आजही त्यांच्याच वाटेने चालतो. तापमान वाढलं की उलटं होतं. ५० अंशांच्या पुढे मायोसिन हे प्रथिन आकार बदलू लागतं. ६० ते ६५ च्या आसपास धाग्यांभोवतीचं कोलॅजेनचं वेष्टन आकसतं. ७० च्या आसपास ॲक्टिनही आकसतं आणि पाणी पिळून बाहेर पडतं, ओला पंचा पिळावा तसं. म्हणून शिजवलेलं हॅम परत गरम करताना मध्यभागी ६० अंश सेल्सिअस, म्हणजे १४० फॅरनहाइट, झाले की थांबायचं. कृषी खात्याचाही आकडा तोच आहे. (कच्च्या हॅमसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती. उरलेलं किंवा कारखान्याबाहेर परत बांधलेलं हॅम असेल तर ७४.)

ग्लेझची गणितं वेगळी

आत ६० अंश हवेत, पण ग्लेझला चकाकी आणि रंग यायला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. साखर आणि प्रथिनं मिळून जी तपकिरी खरपूस चव तयार होते, तिला मायार अभिक्रिया म्हणतात. ती १४० अंशांच्या पुढे वेग घेते. साखरेचं कॅरमल साधारण १६० च्या पुढे होतं, फ्रुक्टोजचं ११० लाच सुरू होतं. म्हणून मधाचं ग्लेझ लवकर काळं पडतं.

आणि मध्ये पाणी आडवं येतं. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० च्या फार पुढे जात नाही. पातळ ग्लेझ नुसतं ओघळतं, ट्रेमध्ये साचतं आणि तिथे जळतं. उपाय आपल्या आज्यांना माहीत होता: पाक आधी आटवून घ्यायचा. ग्लेझ शेगडीवर एकतारी पाकाच्या जरा अलीकडे येईपर्यंत आटवा. चिक्कीच्या पाकापर्यंत नेलंत तर ते ब्रशला चिकटून बसेल.

म्हणजे एकाच वस्तूवर दोन कामं: आतलं मंद आचेवर बराच वेळ, बाहेरचं कडक आचेवर थोडा वेळ. मी दोन्ही एकदम करायला गेले होते.

तर करायचं असं

१. हॅम तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. कापलेली बाजू खाली ठेवून ट्रेमध्ये कपभर पाणी घाला आणि वरून फॉइल घट्ट बांधा. गोल चकत्या पाडलेलं हॅम असेल तर हे आणखी जपून करा, कारण प्रत्येक फटीतून पाणी उडतं. (त्या चकत्या पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट डेट्रॉइटच्या हॅरी होन्सेलार यांना १९५२ साली मिळालं.)

२. ओव्हन १६३ अंशांवर, म्हणजे ३२५ फॅरनहाइटवर ठेवा. चकत्यांच्या हॅमला पौंडाला १० ते १८ मिनिटं धरा, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. त्याचं टोक हाडाला लागू देऊ नका.

३. तोवर एक कप ब्राउन शुगर, दोन चमचे मोहरीची पेस्ट, दोन चमचे व्हिनेगर आणि थोडी लवंगपूड आटवा. ब्राउन शुगरऐवजी गूळ मस्त लागतो. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच थोडं असतं, त्यामुळे रंग लवकर येतो. लक्ष ठेवा.

४. मध्यभागी ५५ अंश झाले की फॉइल काढा. पृष्ठभाग कागदी रुमालाने कोरडा करा, ग्लेझ लावा आणि ओव्हन २०० अंशांवर न्या. १० ते १५ मिनिटं, मध्ये एकदा परत ग्लेझ. या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही!

५. मध्यभागी ६० अंश झाल्याची खात्री करून बाहेर काढा आणि १५ मिनिटं तसंच ठेवा. मग कापा.

नायट्राइटचं काय?

हा प्रश्न आई दर वेळी फोनवर विचारते, म्हणून लिहिते. नायट्राइट बोट्युलिझमच्या जीवघेण्या जंतूंना रोखतं, ते उगाच घातलेलं नसतं. पण २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातलं. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच गटात तंबाखूही आहे, पण गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. आईला मी एवढंच सांगते की सणाला खाते, डब्यात नेत नाही.

यंदा पुन्हा हॅम माझ्याकडेच होतं, "विषयच तुझा आहे" म्हणून. नऊ जण होतो. थर्मामीटर घेऊन मी ओव्हनसमोर स्टूल टाकून बसले होते आणि सगळे मला हसत होते. गुळाचं ग्लेझ काचेसारखं तडकलं आणि आत पाणी टिकलं होतं. दुसऱ्या दिवशी हाड घालून मसुराची आमटी केली. तुम्ही करणार असाल तर त्यात मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच घाला. हाडात ते भरपूर असतं.