मागाहून आलेली मंडळी

कीर्तनाला उशिरा पोहोचलेला माणूस शेजाऱ्याला हळूच विचारतो, "आख्यान कुठवर आलं?" शेजारी दोन वाक्यांत सांगतो आणि काम भागते. १९८७ साली 'रामायण' चुकले तरी सोमवारी शेजारीपाजारी तोंडी सांगत. पण पाच वर्षे चाललेली मालिका शेवटच्या आठ भागांवर आली, म्हणजे तिला गाठायचे कसे?

हा प्रश्न मला २०१३ साली पडला. मी आणि सौ. न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. त्या घरात एकच विषय : 'ब्रेकिंग बॅड'. तिचे ५४ भाग होऊन गेले होते. उरलेले आठ ११ ऑगस्टपासून दर रविवारी दाखवणार होते. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्यातले मास्तर तुमच्याच विषयाचे आहेत!" जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला मी, लगेच पुढे सरसावून बसलो.

हिशेब सोपा होता. १५ जुलैपासून रोज रात्री दोन भाग, की १० ऑगस्टला ५४ पुरे.

आल्बुकर्की गावचा हा वॉल्टर व्हाइट मास्तर. पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या ठिकाणी राबणारा. पन्नाशीत कर्करोग निघतो, आणि बायकामुलांची सोय करण्यासाठी तो आपली विद्या मादक द्रव्य बनवण्याकडे वळवतो. मी चरफडत असे. सौ. दुसऱ्या भागाला हमखास डुलकी काढी आणि जागी होऊन विचारी, "मास्तर सुधारला का हो?"

गंमत अशी, की ही मालिका आमच्यासारख्या उशिरा आलेल्यांनीच तारली. २००८ च्या जानेवारीत पहिला भाग पाहिला तो जेमतेम चौदा लाख लोकांनी. लेखकांच्या संपामुळे पहिल्या वर्षी सातच भाग झाले. पुढे जुने भाग नेटफ्लिक्सवर हवे तेव्हा पाहता येऊ लागले, लोक मागून येऊन मिळाले, आणि २९ सप्टेंबर २०१३ चा अखेरचा भाग एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. मालिका टिकली ती नेटफ्लिक्समुळे, हे तिचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनीच त्या वर्षीच्या एमी पारितोषिकांच्या रात्री बोलून दाखवले.

एके रात्री भाग संपल्यावर मुलगा दिवा न लावता बसून राहिला. मग म्हणाला, "बाबा, माझी इंजिनिअरिंगची फी तुम्ही कुठून भरलीत?"

"सकाळच्या शिकवण्या," मी म्हटले, "आणि तुझ्या आईच्या पाटल्या."

त्याला हे ठाऊकच नव्हते. दहा वर्षे आमचे रविवारी फोन होत. हवा कशी आहे आणि रक्तदाब किती, यापुढे गाडी कधी गेली नव्हती. त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बोलत बसलो. मी त्याच्या मालिकेचे मागचे भाग गाठत होतो, आणि तो आमच्या संसाराचे.

२९ सप्टेंबरच्या रात्री चौघेही एका कोचावर होतो. सौ. टक्क जागी होती. मास्तर सुधारला का, ते मात्र इथे सांगत नाही. वाचकांपैकी कुणाला अजून मागाहून यायचे असेल.