मैलागाडी : टोपलीपासून सक्शन टँकरपर्यंत

भुयारी गटारे नव्हती तेव्हा अमरावती-अकोल्यासह वऱ्हाडातल्या गावांत टोपलीचे संडास असत. मेहतर समाजातील सफाई कामगार, त्यांत स्त्रियाही बऱ्याच, घरामागच्या बोळातून मैला पाटीत भरत आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेत. बैल किंवा रेडा जुंपलेली ही लोखंडी टाकीची गाडी गावाबाहेर जाई. तिथे खड्ड्यात मैला व केरकचऱ्याचे थर देऊन सोनखत तयार होई. गाडीला बैल होता, पण घर ते गाडी हे अंतर माणसाच्या डोक्यावरच होते.

हे ओझे उतरवण्यासाठी मुंबई राज्याने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने तो इथे थेट लागू नव्हता. १९५५ मध्ये केंद्राने त्यातील मुख्य शिफारशी सर्व राज्यांना पाठवल्या. पुढे मलकानी समितीनेही १९६० च्या अहवालात डोक्यावरची पाटी हटवून चाकाची हातगाडी देण्याचा आग्रह धरला. अखेर १९९३ च्या कायद्याने टोपलीच्या संडासांवरच बंदी घातली.

संडास फ्लशचे झाले आणि मैला सेप्टिक टँकमध्ये साठू लागला. तो उपसायला सक्शन टँकर आला. इंजिनावर चालणारा व्हॅक्यूम पंप गाडीच्या टाकीतली हवा काढतो. मग बाहेरच्या हवेचा दाब मैला नळीतून वर ढकलतो. हा दाब पाणीसुद्धा फार तर १० मीटर उंच चढवू शकतो. तळाशी घट्ट बसलेला गाळ त्याहून कमी चढतो, म्हणून तो पाण्याच्या फवाऱ्याने पातळ करावा लागतो. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा, असे केंद्राची मार्गदर्शक पुस्तिका सांगते. वऱ्हाडातली काळी जमीन ओली झाली की पाणी जिरवत नाही. टँकमधून बाहेर पडणारे पाणी मुरवणारे शोषखड्डे तुंबतात, त्यामुळे ही शिस्त इथे अधिकच गरजेची आहे.

गाळ निघाला नाही की कुणीतरी माणसाला आत उतरवतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो प्रथम नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेणे गुन्हा ठरवले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली.

गाडी रिकामी कुठे होते, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. अकोल्याची मोर्णा नदी स्वच्छ करायला जानेवारी २०१८ मध्ये अकोलेकर मोठ्या संख्येने नदीपात्रात उतरले होते. एक टँकर नदीला मिळणाऱ्या नाल्यात सोडला, तर त्या श्रमावर पाणी फिरते. मैला प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे.

म्हणून टाकी तुंबण्याआधीच गाडी बोलवावी, कुणालाही आत उतरू देऊ नये, आणि पैसे देण्यापूर्वी गाडीवाल्याला विचारावे : हा मैला कुठे नेणार?