शांता आपटे

शांता आपटे (निधन: २४ फेब्रुवारी १९६४, अंधेरी, मुंबई) ह्या मराठी, हिंदी आणि तमिळ बोलपटांत काम केलेल्या अभिनेत्री व गायिका होत्या. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू' (१९३७) ह्या चित्रपटातील नीरेच्या भूमिकेसाठी त्या विशेष ओळखल्या जातात. पडद्यावरील व्यक्तिरेखेचे बोलणे, गाणे आणि वावरणे एकाच कलावंताने करावयाचे, अशा काळातील त्या अग्रगण्य गायक-नटी होत.

पूर्वायुष्य

शांताबाईंचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे झाला. त्यांचे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. घरात संगीताची आवड होती. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. बंधू बाबूराव आपटे यांनी त्यांच्या गाण्याकडे कटाक्षाने लक्ष पुरविले आणि पुढे त्यांच्या व्यवसायाची सूत्रेही बराच काळ बाबूरावांच्याच हाती राहिली. लहान वयात शांताबाई पुण्यातील गणेशोत्सवांतून गात असत.

भालजी पेंढारकर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'श्यामसुंदर' (१९३२) ह्या बोलपटात त्यांनी राधेची भूमिका केली. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. हा चित्रपट दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनचा होता आणि मुंबईत तो पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. रौप्यमहोत्सव साजरा करणारा पहिला भारतीय चित्रपट म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

प्रभातमधील कारकीर्द

कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यास आलेल्या प्रभातने तेथे काढलेला पहिला चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४) होय. त्यात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीची, सुमित्रेची, भूमिका केली. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे चित्रित झाला. पुढे रूढ झालेल्या भाषांतरित ध्वनिमुद्रणापेक्षा ही पद्धत सर्वस्वी वेगळी होती. तोच प्रसंग, तोच देखावा, पण दृश्य पुन्हा नव्याने घ्यावयाचे आणि संवाद दुसऱ्या भाषेत म्हणावयाचे, असा क्रम असे. एखाद्या नटाचे उच्चार दुसऱ्या भाषेत पेलण्याजोगे नसतील तर त्या भूमिकेसाठी वेगळा नट घेतला जाई. 'अमृतमंथन'मधील राजगुरू मराठीत केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी रंगविला. शांताबाईंना मात्र दोन्ही आवृत्त्यांत ठेवण्यात आले.

बोलपटाच्या आरंभीच्या वर्षांत गाणीही चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित होत. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत आणि नट कॅमेऱ्यासमोर गात. मायक्रोफोनपासून दूर जाता येत नसल्याने बहुतेक गायक नट एका जागी ताठ उभे राहत. चेहऱ्यावर भावापेक्षा स्वर सांभाळण्याचीच धडपड अधिक दिसे. शांताबाईंचे वेगळेपण येथे उठून दिसते. त्यांचे डोळे, मान आणि हात गाण्याबरोबर सहज हलत. संवाद संपून गाणे कोठे सुरू झाले हे प्रेक्षकाला खटकत नसे. गाण्याच्या तयारीत त्यांच्याहून सरस गायिका त्या काळी होत्याच; परंतु शास्त्रोक्त शिक्षण घेतलेला आवाज बोलण्याच्या इतका जवळ आणणे फार थोड्यांना साधले होते.

'अमरज्योती' (१९३६) हा चित्रपट केवळ हिंदीत निघाला. त्यात दुर्गा खोटे यांची प्रमुख भूमिका होती. शांताबाईंची भूमिका दुय्यम असूनही त्यांची गाणी विलक्षण गाजली. 'गोपालकृष्ण' (१९३८) ह्या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित द्विभाषी चित्रपटात त्यांनी पुन्हा राधा साकारली. ह्या वेळी कृष्णाच्या भूमिकेत राम मराठे होते.

'कुंकू' व 'दुनिया न माने'

नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट मराठीत 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने' ह्या नावांनी निघाला. पोरक्या तरुण मुलीचे लग्न फसवणुकीने एका वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते. ती सासरी येते, घरात राहते, परंतु ह्या माणसाला नवरा म्हणून स्वीकारण्यास ठाम नकार देते. मराठीत नीरा आणि हिंदीत निर्मला असलेली ही नायिका आपल्यावर हात टाकू पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने बडवून काढते. मराठी प्रेक्षकांनी तोवर पडद्यावर आसवे गाळणारी स्त्री पुष्कळ पाहिली होती. अशी पाहिली नव्हती. वकील काकासाहेबांची भूमिका दोन्ही भाषांत केशवराव दाते यांनी केली.

ह्या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य आहे. घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, रस्त्यावरचे आवाज अशा प्रत्यक्ष घटनास्थळी असू शकणाऱ्या ध्वनींवरच तो उभा आहे. साहजिकच नायिकेच्या आवाजावरचा भार वाढतो. वाद्यमेळाचा आधार नसताना वाक्यातील तुटकपणा, मध्येच धरलेला अबोला, आवाजाची धार यांतूनच तिचा नकार ऐकू येतो. लाँगफेलो ह्या अमेरिकी कवीच्या 'अ साम ऑफ लाइफ' ह्या कवितेचा काही भाग शांताबाईंनी ह्यात इंग्रजीतच गायिला आहे. १९३७ साली मराठी घरातल्या मुलीच्या तोंडी इंग्रजी गाणे घालणे हे धाडसाचे होते आणि ते उपरे वाटत नाही, ह्याचे श्रेय भोळे यांच्याइतकेच गायिकेलाही द्यावे लागते.

प्रभातशी संघर्ष

त्या काळी कलावंत हे कंपनीचे मासिक पगारी नोकर असत. करार संपेपर्यंत त्यांना बाहेर काम करता येत नसे. कराराच्या अटी आणि वेतन ह्यांवरून शांताबाई व प्रभात यांच्यात वाद निर्माण झाला. जुलै १९३९ मध्ये त्यांनी कंपनीच्या पुण्यातील फाटकाशी बाकावर बसून उपोषण केले. गिरणी कामगारांचे संप महाराष्ट्राला ठाऊक होते; नामांकित नटीने आपल्याच कंपनीच्या दारात अन्नत्याग करणे मात्र अभूतपूर्व होते. वृत्तपत्रांत त्याची मोठी चर्चा झाली. पुढे त्या प्रभातमधून बाहेर पडल्या.

पाठोपाठ १९४० साली त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चित्रपटात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना उद्देशून लिहिलेल्या ह्या पुस्तकात झगमगाटाचे वर्णन नाही. चित्रपट हा भांडवलाचा धंदा असून नट हा त्यातील राबणारा माणूस आहे, ही दृष्टी त्यात दिसते. उपोषणाच्या घटनेपुढे हे पुस्तक काहीसे झाकोळले गेले. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष अलीकडे वळले आहे.

प्रभातनंतर

बाहेर पडलेल्या शांताबाईंनी प्रथम भाषेची सीमा ओलांडली. वाय. व्ही. राव दिग्दर्शित 'सावित्री' (१९४१) ह्या तमिळ चित्रपटात त्या नायिका होत्या. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि संवाद व गाणी त्यांनी स्वतःच्याच आवाजात म्हटली. ह्याच चित्रपटात नारदाची भूमिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केली आहे. कर्नाटक संगीतातील एवढ्या समर्थ गायिकेसमवेत, परक्या भाषेत, त्या भाषेच्याच प्रेक्षकांसमोर गाणे ही सोपी गोष्ट नव्हती.

लाहोरच्या पांचोली संस्थेच्या 'जमींदार' (१९४२) ह्या चित्रपटात त्या गुलाम हैदर यांच्या संगीतावर गायिल्या. 'दुहाई' (१९४३) मध्ये त्यांच्यासमवेत नूरजहाँ होत्या. ह्याच सुमारास चित्रपटसृष्टीचे केंद्र मुंबईकडे सरकत होते. शांतारामांनी प्रभात सोडून १९४२ साली परळला राजकमल कलामंदिर स्थापन केले. मास्टर विनायक यांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापूरहून मुंबईस आली. विनायकांच्या 'सुभद्रा' (१९४६) मध्ये शांताबाई नायिका होत्या आणि त्यात त्यांनी एका नवख्या मुलीबरोबर द्वंद्वगीत गायिले. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. संगीत वसंत देसाई यांचे होते. त्यानंतर तीनच वर्षांत पार्श्वगायनाने हिंदी चित्रपट व्यापला. चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा ही रीत सर्वमान्य झाली आणि गायक-नट हा वर्गच मावळू लागला.

मराठीत शांताराम आठवले यांच्या 'भाग्यरेखा' (१९४८) मध्ये त्यांनी काम केले. 'कुंकू'ची मराठी गीते आठवले यांनीच लिहिली होती. 'जागा भाड्याने देणे आहे' (१९४९), 'कुंकवाचा धनी' (१९५१) हे त्यांचे नंतरचे काही मराठी चित्रपट. पुढील दशकात त्यांच्या वाट्याला मुख्यत्वे पौराणिक हिंदी चित्रपट आले.

दीर्घ आजारानंतर अंधेरी येथे त्यांचे निधन झाले. नयना आपटे ह्या त्यांच्या कन्या असून मराठी व गुजराती रंगभूमीवरील अभिनेत्री म्हणून त्या परिचित आहेत.