यंत्रनगरीचे संगीत

अमेरिकेच्या उत्तर सीमेवर एका रुंद नदीच्या काठी डेट्रॉइट नावाचे शहर वसलेले आहे. नदीच्या पलीकडे कॅनडा देश दिसतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारगाड्यांची राजधानी म्हणून ह्या शहराची ख्याती जगभर पसरली होती. कारखान्यांचे भोंगे, भट्ट्यांची धग आणि सरकत्या पट्ट्यावर जुळत जाणारे गाड्यांचे सांगाडे, हेच तेथील रोजचे जीवन होते. दक्षिणेकडील शेतांवर राबणारी हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे चांगल्या मजुरीच्या आशेने तेथे येऊन स्थायिक झाली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या घरात होती.

पुढे दिवस पालटले. काही कारखाने बंद पडले, काही अन्यत्र हलले. १९६७ च्या उन्हाळ्यात शहरात भीषण दंगल उसळून ४३ माणसे प्राणांस मुकली. ज्यांना शक्य होते त्यांनी आपली बिऱ्हाडे हलविली, आणि १९८० च्या शिरगणतीत लोकसंख्या बारा लाखांवर उतरली. ह्या पडझडीत आणखी एक गोष्ट शहराने गमावली. बेरी गॉर्डी ह्या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ मध्ये तेथे एक ध्वनिमुद्रिका-संस्था काढली होती. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड ह्या रस्त्यावरील एका साध्या घरात मुद्रित झालेली तिची गाणी 'मोटाऊन' ह्या नावाने देशोदेशी गाजली. १९७२ मध्ये ती संस्थाही हजारो मैल दूर लॉस एंजेलिसला गेली. तिच्या वाद्यवृंदातील कित्येक वादक मात्र मागेच राहिले.

अशा शहराच्या आसमंतात जुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तीन शाळकरी मित्र वाढत होते. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावच्या शाळेत त्यांची मैत्री जडली. वाद्यवृंद उभा करावयाचा तर वादक हवेत, तालमीला जागा हवी, आणि मुद्रणालयाचे भाडे भरावयास पैसा हवा. त्यांच्यापाशी ह्यांतले काहीच नव्हते. परंतु सिंथेसायझर आणि तालयंत्र ही दोन नवी साधने त्यांच्या आटोक्यात आली होती.

ही साधने काम कशी करतात, हे पाहण्यासारखे आहे. सतारीची तार छेडली की ती थरथरते. तिचा कंप हवेत पसरतो आणि कानावर पडला की आपण त्याला स्वर म्हणतो. सिंथेसायझरमध्ये तारही नसते आणि भाताही नसतो. त्याच्या आतील विद्युतमंडल विजेचा दाब एका सेकंदात शेकडो वेळा चढवते व उतरवते. ह्या चढउताराबरोबर ध्वनिवर्धकाचा पडदा पुढेमागे हलतो, आणि स्वर उमटतो. चढउतार जलद झाला की स्वर चढतो, मंदावला की उतरतो. एक खुंटी फिरवून त्याच स्वराला धारदार करता येते, दुसरी फिरवून मऊ. म्हणजे येथे वादकाला स्वर लावावयाचा तर असतोच, पण तो घडवावयाचाही असतो.

तालयंत्राची रीत त्याहून सोपी आहे. जपानमधील रोलँड कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेल्या 'टी आर ८०८' ह्या यंत्रावर सोळा कळा एका ओळीत बसविलेल्या होत्या. पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी कळ दाबली की ढोलाचा ठोका त्या त्या जागी पडे, आणि सोळावी जागा संपताच आवर्तन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आपल्या त्रितालाच्याही मात्रा सोळाच असतात व टाळ्या-खालीच्या जागाही ह्याच चार. तेव्हा ही मांडणी मराठी मुलाला परकी वाटू नये. यंत्राचा ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी त्या वेळी तक्रार होती. यंत्राला पुरेसे गिऱ्हाईक मिळेना. तीन वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले आणि वापरलेली यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागली. मोठ्यांनी टाकलेल्या ह्या यंत्रांतच डेट्रॉइटच्या मुलांना आपल्या शहराचा आवाज सापडला. ॲटकिन्स ह्याने त्या संगीतासाठी 'टेक्नो' हा शब्द योजला. ॲल्विन टॉफलर ह्यांच्या १९८० मधील एका ग्रंथावरून तो त्याला सुचला होता.

संगीत तयार झाले, पण ते लोकांपर्यंत पोहोचणार कसे? मोठ्या कंपन्यांना अशा गायकहीन संगीतात रस नव्हता. तेव्हा ॲटकिन्सने १९८५ मध्ये 'मेट्रोप्लेक्स' ही स्वतःची संस्था काढली. पुढील दोन वर्षांत त्याच्या दोघा मित्रांनीही तेच केले. संस्था म्हणजे काय, तर एक नाव, एक शिक्का आणि तबकड्यांचे काही खोके.

ह्या वाटेने पुढे जाऊन ज्यांनी अधिक कठोर बाणा धरला, ते माइक बँक्स आणि जेफ मिल्स होत. बँक्स हा गिटार वाजविणारा वादक. मिल्स हा आकाशवाणीवर 'विझर्ड', म्हणजे जादूगार, ह्या नावाने तबकड्या वाजवून प्रसिद्धीस आलेला. १९९० च्या सुमारास त्यांनी 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स', म्हणजे भूमिगत प्रतिकार, ही संस्था स्थापिली. लवकरच रॉबर्ट हूड हा तिसरा कलावंत त्यांना येऊन मिळाला. संगीत रचणारे तेच, मुद्रित करणारे तेच आणि विकणारेही तेच. आपली छायाचित्रे छापू द्यावयाची नाहीत, असा त्यांचा दंडक होता. लोकांसमोर येण्याचा प्रसंग आलाच तर ते तोंड झाकून येत. नाटकीपणाचा आरोप त्यांच्यावर होऊ शकेल. पण ऐकणाऱ्याने चेहरा न पाहता संगीत ऐकावे, ही त्यामागील भूमिका होती, आणि बँक्स ह्याने ती पुढेही सोडली नाही.

तबकडी काढणे हे मात्र एकट्यादुकट्याचे काम नव्हे. प्रथम ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ रोगणाचा थर देतात. ती कोरणीयंत्रावर फिरत असता ध्वनीच्या कंपनांबरोबर थरथरणारी सुई तीत नागमोडी खाच कोरते. ह्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो. अशा ठशांच्या जोडीमध्ये तापविलेल्या प्लॅस्टिकचा गोळा दाबला की तबकडी तयार. डेट्रॉइटमध्ये कोरणीचे काम रॉन मर्फी नावाचा कुशल कारागीर करीत असे. तबकड्या दाबण्यासाठी आर्चर हा १९६५ पासून एकाच कुटुंबाने चालविलेला छोटा कारखाना शहरातच होता. मोटारींचे कारखाने ओस पडत असता ही लहान चाके फिरत राहिली.

मर्फीच्या कौशल्याचा एक नमुना विशेष सांगण्याजोगा आहे. १९९२ मध्ये मिल्स, बँक्स व हूड ह्यांनी शनी ग्रहाच्या कड्यांवर एक संगीतमाला रचली. शनीची कडी ज्या क्रमाने व ज्या अंतराने पसरलेली आहेत, त्यांस अनुसरून तबकडीवरील खाचांची वर्तुळे आखावीत, अशी कल्पना पुढे आली. त्यामुळे तबकडी हातात धरली की तीच शनीच्या कड्यांचे चित्र भासावी! ही मालिका बर्लिनमधील 'ट्रेझर' ह्या संस्थेने प्रसिद्ध केली. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळल्यावर तेथील तरुणांनी एका जुन्या दुकानाच्या भूमिगत तिजोरीत नृत्यगृह थाटले होते, आणि तेथे डेट्रॉइटचे संगीत घुमत होते. स्वतःच्या शहरात फारसे कोणी न ओळखणाऱ्या ह्या कलावंतांना युरोपात हजारो श्रोते लाभले.

कीर्तीबरोबर संकटही आले. १९९९ मध्ये संस्थेतील रोलँडो ह्या मेक्सिकन वंशाच्या कलावंताची 'जॅग्वार' ही रचना प्रसिद्ध झाली आणि पाहता पाहता सर्वत्र गाजली. एका बलाढ्य आंतरराष्ट्रीय कंपनीने तिचे हक्क मागितले. संस्थेने नकार दिला. तेव्हा कंपनीने दुसऱ्यांकडून तीच रचना स्वरास्वराने हुबेहूब वाजवून घेतली व बाजारात आणली. ह्यामागील मेख समजून घेतली पाहिजे. रचनेचा हक्क वेगळा आणि मुद्रित ध्वनीचा हक्क वेगळा. मूळ मुद्रण उचलले तर ती चोरी ठरते. पण रचनाकाराचा मोबदला भरून ती पुन्हा वाजविण्यास अनेक देशांतील कायदा आडवा येत नाही. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता मालकाचा नकार निष्फळ करण्याचा तो मार्ग होता.

लहानशा संस्थेपाशी वकिलांची फौज नव्हती. तिने आपल्या श्रोत्यांना काय घडले ते कळविले. मग देशोदेशींहून त्या कंपनीकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडू लागला, आणि अखेर कंपनीला ती तबकडी मागे घ्यावी लागली. २००० मध्ये संस्थेने स्वतःच त्या रचनेची नवी रूपे काढली. त्यांचे नाव ठेवले, 'जॅग्वारचा सूड'.

मिल्स १९९२ मध्येच संस्थेतून बाहेर पडला होता. त्याच वर्षी बँक्सने 'सबमर्ज' ही वितरणसंस्था उभी केली आणि शहरातील इतर छोट्या संस्थांच्या तबकड्याही तिच्यामार्फत परदेशी जाऊ लागल्या. एरवी तो शाळेतील मुलांना बेसबॉल शिकवी. सबमर्जची इमारत ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर आहे. मोटाऊनचे जुने घर ज्या रस्त्याच्या पश्चिम भागात आहे, त्याच रस्त्याचा हा पूर्वेकडील भाग. इमारतीत टेक्नो संगीताचे एक छोटे संग्रहालय मांडलेले आहे, आणि तळघरात तबकड्यांचे दुकान. आधी कळवून येणाऱ्या पाहुण्यांना तेथे जुनी तालयंत्रे पाहावयास मिळतात, आणि जाताना एखादी तबकडी विकतही घेता येते.