कार्ल्याच्या लेण्यात पहिल्यांदा

मळवलीला लोकलमधून उतरून आम्ही मुलाबाळांसह वेहेरगावच्या पायऱ्या चढलो. गर्दी एकवीरेच्या दर्शनाची. चैत्यगृहात मात्र शांतता. ३७ खांब, वर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी, समोर स्तूप. धाकटीने विचारले, "कोण्या राजाने कोरलं?" आम्ही तिला दाराजवळचे ब्राह्मी लेख दाखवले. धेनुकाकटचा सामी सुतार, सिंहदत्त अत्तरविक्या, अशा साध्या माणसांची ती दाने! वस्तीतल्या विहारासाठी दहा-दहा रुपये मागताना वाटणारा संकोच तिथेच गळाला. स्तूपासमोर त्रिसरण-पंचशील घेतले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती स्थापन केली ते देहूरोडही याच लोकलच्या मार्गावर. बंधू-भगिनींनो, मुलांना दोन्ही ठिकाणे दाखवा. जयभीम!