प्रयोगशाळेतून निघालेला निरोप



इमारतीस नवी खोली जोडली की तिची कोनशिला दिसते. नवे यंत्र आले की त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते. अहवाल सालात आपल्या रुग्णालयात जी एक सोय झाली, तिला कोनशिला नाही आणि छायाचित्रही नाही. देणगीचा विनियोग कसा झाला हे जाणून घेण्याचा आपला अधिकार असल्याने तिचा परिचय येथे करून देत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. त्यामुळे विवेचनात हिशेबाच्या वहीची भाषा आल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

गरज कशी निर्माण झाली

करडी व परिसरातील गावे धानाच्या शेतीवर जगतात. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दोनदा रुग्णालयात येणे कोणालाच परवडत नाही. रुग्ण रक्त तपासणीस देऊन गावी परततो आणि निष्कर्ष मोबाईलवरील निरोपाने कळेल अशा भरवशावर राहतो.

गेल्या पावसाळ्यात एका गरोदर भगिनीच्या रक्तातील हिमोग्लोबिन धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे आढळले. तंत्रज्ञांनी नोंद केली, संगणकाने संदेश पाठविण्याचा प्रयत्न केला. परंतु त्या क्षणी इंटरनेट बंद होते. संगणकाने पुन्हा प्रयत्न केला नाही, कोणास सांगितलेही नाही. पडद्यावर मात्र ‘पूर्ण’ असाच शेरा होता. पुढील तपासणीस त्या आल्या तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानी ही गोष्ट आली. तातडीने रक्त देण्याची व्यवस्था झाली व सुदैवाने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. दोष विजेचा अथवा इंटरनेटचा म्हणता येणार नाही, ती जाणारच. दोष आमच्या पद्धतीचा होता.

संगणकातील जावक बारनिशी

जुन्या कार्यालयांत जावक बारनिशी असे. पत्र शिपायाच्या हाती देण्यापूर्वी त्याचा क्रमांक बारनिशीत चढे आणि पोचपावती आल्यावाचून ती नोंद पुरी मानली जात नसे. आपण नेमकी हीच पद्धत संगणकात आणली. माहिती साठविण्यासाठी रुग्णालय पूर्वीपासून ‘पोस्टग्रेस’ ही मुक्त व विनाशुल्क प्रणाली वापरते. तिच्यातच एक तक्ता आखला : संदेशाचा क्रमांक, कोणास पाठवायचा, मजकूर, स्थिती, किती प्रयत्न झाले व पुढील प्रयत्न केव्हा. ह्या तक्त्यास तंत्रज्ञ ‘संदेश-रांग’ म्हणतात. रांगेतील संदेश उचलून पाठविणारा छोटा स्वतंत्र कार्यक्रम म्हणजे ‘मायक्रोसर्व्हिस’. तो वेगळा ठेवण्याचे कारण असे की, संदेश अडले तरी नोंदणी खिडकी व औषधालय अडू नये.

मोठ्या उद्योगांत याच कामासाठी ‘काफ्का’ वा ‘रॅबिट एमक्यू’ यांसारख्या स्वतंत्र प्रणाली वापरतात. आपला व्याप लहान. सांभाळण्यास आणखी एक प्रणाली वाढविण्यापेक्षा, जिची प्रत आपण रोज रात्री काढून ठेवतो तिच्यातच रांग ठेवणे शहाणपणाचे वाटले.

यात तीन तत्त्वे पाळली. पहिले द्विनोंदीचे. नावे व जमा या दोन्ही बाजू एकाच वेळी लिहिल्या जातात. एक लिहून दुसरी राहिली असे होता कामा नये. त्याचप्रमाणे निष्कर्षाची नोंद व रांगेतील संदेशाची नोंद एकाच व्यवहारात होते. मध्येच वीज गेली तर दोन्ही रद्द होतात आणि तंत्रज्ञांस ते लगेच दिसते. दुसरे तत्त्व वाटणीचे. दोन कारकून एकाच गठ्ठ्यावर बसले तर एकच पत्र दोघांनी उचलण्याचा धोका असतो. एकाने हात ठेवलेली नोंद दुसऱ्याने ओलांडून पुढची घ्यावी, अशी सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ साली आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून आहे. तिचाच उपयोग केला. तिसरे तत्त्व उचंत खात्याचे. प्रयत्न फसला तर एक, दोन, चार, आठ मिनिटे असे अंतर वाढवीत पुन्हा प्रयत्न होतो. ठरलेल्या प्रयत्नांनंतरही यश न आल्यास संदेश उचंत खात्यात जातो व परिचारिका दूरध्वनी करून अथवा गावच्या आशा सेविकेमार्फत निरोप पोहोचविते. धोक्याच्या निष्कर्षांत तर यंत्राची वाट न पाहता दूरध्वनी होतोच.

चाचणी : मुद्दाम केलेले अपघात

व्यवस्था चालते हे पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. ती मोडल्यावर काय होते हे पाहणे म्हणजे चाचणी. एक ते हजार क्रमांकांचे कृत्रिम संदेश रांगेत टाकले आणि काम चालू असताना इंटरनेटची तार काढली, पाठविणारा कार्यक्रम मध्येच बंद पाडला, संगणकाची वीज तोडली. प्रत्येक वेळी तेरीज मांडली : स्वीकारलेले संदेश बरोबर पाठविलेले अधिक प्रलंबित अधिक उचंत. पहिल्याच प्रयत्नात तेरीज जुळली, परंतु काही संदेश दोनदा गेले. कारण उघड होते. संदेश गेला आणि ‘गेला’ अशी नोंद होण्याच्या आत वीज तुटली. हा पेच पूर्णतः सुटत नाही. निरोप हरवणे पत्करावे की दुसऱ्यांदा जाणे, एवढीच निवड उरते. आपण दुसरे पत्करले. वॉर्डातील पडद्यावर मात्र तोच क्रमांक पुन्हा आल्यास तो दाखविलाच जात नाही.

दुसरा धडा मोबाईल सेवेचा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमानुसार अशा संदेशांचा नमुना आधी नोंदवावा लागतो. आम्ही मजकुरातील एक शब्द बदलला आणि संदेश वाटेतच अडले. आता नमुना बदलल्यास प्रथम चाचणी, मग वापर, असा दंडक घातला आहे.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे लेखापाल कधीच मानत नाही. रक्कम चुकीच्या खात्यात पडली तरी तेरीज जुळते. निरोप चुकीच्या क्रमांकावर गेला तरीही तसेच. आपल्या भागात एकच मोबाईल अख्ख्या घराचा असतो. म्हणून नोंदणीच्या वेळी क्रमांक मोठ्याने वाचून खात्री करून घेतली जाते आणि संदेशात निष्कर्ष लिहिलाच जात नाही. अहवाल तयार आहे, डॉक्टरांना भेटावे, एवढेच कळविले जाते. सिकलसेलसारख्या तपासणीचा निष्कर्ष घरातील दुसऱ्या कोणी आधी वाचणे उचित नव्हे.

पुढील वाटचाल

रोज सकाळी प्रस्तुत लेखक रोकड वहीसोबत रांगेचीही तपासणी करतो. रांग किती लांब आहे यापेक्षा तिच्यातील सर्वांत जुना संदेश किती वेळ उभा आहे, हे पाहणे अधिक उपयोगी ठरते. लांब रांग सरकत असेल तर चिंता नाही. एकच संदेश तासभर खोळंबला असेल तर त्यामागे एक माणूस खोळंबलेला असतो.

विश्वस्त मंडळाने या न दिसणाऱ्या कामासाठी निधी मंजूर केला आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी रात्री थांबून चाचण्यांना साथ दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्या भगिनी अलीकडेच बाळाच्या लसीकरणासाठी येऊन गेल्या. लसीच्या तारखेचा निरोप त्यांना वेळेवर मिळाला होता. आमच्या दृष्टीने या खर्चाची तीच पोचपावती होय.