चित्रित नाटक तिकीटबारीचा शत्रू नाही

‘ऑनलाइन दाखवलं की नाट्यगृहात कोण येणार?’ नाट्यसंस्थांच्या बैठकीत डिजिटल उत्पन्नाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो आणि चर्चा तिथेच गुंडाळली जाते. प्रश्न इतका पटण्यासारखा आहे, की उत्तर कुणी शोधतच नाही. उत्तर मात्र केव्हाच शोधून झालं आहे.

लंडनच्या नॅशनल थिएटरने 25 जून 2009 रोजी ‘फेद्र’ या नाटकाचा प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवला. हेलन मिरेन त्यात प्रमुख भूमिकेत होत्या. हाच ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’चा आरंभ. तेव्हाही भीती हीच होती. म्हणून ब्रिटनच्या नेस्टा या संस्थेसाठी हसन बख्शी आणि अँड्र्यू व्हिटबी यांनी तिकीटविक्रीची प्रत्यक्ष आकडेवारी तपासली. 2014 साली निष्कर्ष आले. प्रक्षेपणांमुळे नाट्यगृहांचा प्रेक्षक घटल्याचं दिसलं नाही. लंडनमध्ये तर ज्या वस्त्यांजवळच्या चित्रपटगृहांत ही प्रक्षेपणं होत होती, तिथून नाटकाला जाणारे थोडे वाढलेलेच आढळले.

असं का होतं, हे समजायला अवघड नाही. लंडनची ही चित्रित नाटकं मुंबईत एनसीपीएमध्ये लोक तिकीट काढून पाहतात. त्यामुळे लंडनमधलं एकही आसन रिकामं राहत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला दादरच्या शिवाजी मंदिरातला रविवारचा प्रयोग पाहता येत नाही. एखादं नाटक दौऱ्यावर येईपर्यंत किंवा बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरेपर्यंत त्यांना वाट पाहावी लागते. अशा प्रेक्षकाला चित्रित प्रयोग विकणं म्हणजे तिकीटबारीवरचं गिऱ्हाईक पळवणं, हे म्हणणं आता तरी थांबवायला हवं.

मात्र मागच्या रांगेत एक कॅमेरा उभा केला की विकण्याजोगं चित्रण होतं, असंही नाही. ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’च्या प्रयोगाला कॅमेऱ्यांसाठी प्रेक्षागृहातली आसनं काढून ठेवतात, कॅमेऱ्यांसह वेगळ्या तालमी होतात, प्रकाशयोजना आणि रंगभूषा पडद्याच्या दृष्टीने पुन्हा तपासली जाते. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने 2008 मध्ये ‘डिजिटल कॉन्सर्ट हॉल’ सुरू केला, तेव्हा सभागृहात दूरनियंत्रित कॅमेरे कायमचे बसवले. त्यामुळे समोर बसलेल्या श्रोत्याला कॅमेरामनचा अडथळा होत नाही आणि घरी बसलेल्याला वादकाची बोटं दिसतात. त्यासाठी लोक वर्गणी भरतात. या कामाला डॉइश बँकेचं प्रायोजकत्वही होतं, कारण सुरुवातीचा खर्च मोठा असतो. तो अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो.

आता कलासंस्थांच्या डिजिटल उत्पन्नाबद्दलचे इतर काही गैरसमज.

यूट्यूबवर टाकलं की पैसे सुरू होतात. जाहिरातींतला वाटा मिळायला साधारणपणे किमान 1,000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचं प्रेक्षण लागतं; त्यानंतरही नेहमीच्या व्हिडिओंवरच्या जाहिरात उत्पन्नातले 45 टक्के यूट्यूब ठेवून घेतं.

संग्रहातल्या चित्रांचे फोटो फुकट दिले तर उत्पन्न बुडतं. सायमन टॅनर यांनी 2004 साली अमेरिकी कलासंग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा फोटोविक्रीतून सगळा खर्च भरून निघतो असं जवळजवळ कुणीच सांगू शकलं नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये सुमारे 3,75,000 प्रतिमा सर्वांना मोफत खुल्या केल्या.

एनएफटीत, म्हणजे डिजिटल प्रतीच्या मालकीचा दाखला विकण्यात, सोनं आहे. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयाने 2021 मध्ये मायकेलअँजेलोच्या चित्राची डिजिटल प्रत 2,40,000 युरोंना विकली. खर्च आणि भागीदाराचा वाटा वजा जाता संग्रहालयाला मिळाले 70,000.

चित्रीकरण आपण केलं, म्हणजे सगळे हक्क आपले. नाटककार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे असतात, आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्यानुसार सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरात कलाकारही मानधनाखेरीज रॉयल्टीचा हक्कदार असतो.

म्हणून नव्या नाटकाचा करार करतानाच चित्रणाचं कलम घाला: कुठे दाखवणार, किती काळ, कुणाचा वाटा किती. प्रयोगांचा बहर ओसरल्यावर, मंडळी पांगल्यावर हे ठरवायला गेलं तर एकेक सही मिळवण्यातच वर्ष जातं. आपल्याकडे चांगली नाटकंही आहेत आणि ती पाहायला आसुसलेले लांबचे प्रेक्षकही आहेत. त्यांना जोडणारा व्यवहार आधी कागदावर आला, तरच त्यातून नटापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सर्वांना चार पैसे मिळतील.